मासाच्चोच्या ‘त्रैक्या’समोर: प्रबोधनकाळातले धर्मचित्र कसे पाहावे, त्यावर कसे लिहावे

फ्लॉरेन्समधल्या सांता मारिया नोव्हेला या डॉमिनिकन पंथाच्या चर्चमध्ये डाव्या हाताच्या भिंतीवर एक भित्तिचित्र आहे. मासाच्चो नावाच्या तरुणाने ते १४२५ ते १४२७ च्या सुमारास रंगवले. विषय ख्रिस्ती धर्मातला बहुधा सर्वांत अवघड: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच परमेश्वर, म्हणजे पवित्र त्रैक्य. डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट सपाट भिंतीवर उतरवायची होती, आणि समोर उभ्या माणसाला ती आपल्याच जगात, हाताच्या अंतरावर आहे असे वाटायला हवे होते.

हे मी मुद्दाम ‘होती’, ‘हवे होते’ अशा भाषेत मांडतो आहे, कारण धर्मचित्राचे परीक्षण इथूनच सुरू व्हावे असे माझे ठाम मत आहे. चित्रकाराने स्वतःला कोणता प्रश्न घातला होता, तो आधी शोधायचा. मग त्याने तो कोणत्या साधनांनी, कितपत सोडवला हे तपासायचे. ‘किती जिवंत वाटते’ आणि ‘मला नाही आवडले’ ही दोन्ही वाक्ये या तपासणीआधी आली तर त्यांना काही किंमत नसते. खाली दिलेला क्रम मी या एका चित्रावर चालवून दाखवतो. तोच क्रम पुढे कोणत्याही धर्मचित्राला लावता येईल.

आधी वस्तू, मग चित्र

मोबाइलच्या पडद्यावर हे चित्र तळहाताएवढे दिसते. प्रत्यक्षात ते सुमारे ६.६७ मीटर उंच आणि ३.१७ मीटर रुंद आहे, म्हणजे जवळजवळ बावीस फूट उंच. घराच्या दोन मजल्यांएवढी ही भिंत. म्हणून पहिले काम: चित्राची मापे शोधा आणि आपल्या खोलीच्या भिंतीवर डोळ्यांनी मोजून बघा. आपले डोके कुठे येईल? खालचा माणूस आपल्यापेक्षा मोठा की लहान? ‘त्रैक्य’मधल्या आकृती जवळपास माणसाएवढ्या आहेत, ही बाब पडद्यावर कधीच कळत नाही आणि चित्राचा निम्मा परिणाम तिच्यावर उभा आहे.

दुसरी नोंद जागेची. चित्र कुठे होते, कोण कुठून बघत होते? पूर्वी समोरच्या बाजूला कबरस्तानाकडून येणारे दार होते. त्या दारातून आत आलेल्या माणसाला हे चित्र थेट समोर दिसे. चित्राच्या वरच्या आणि खालच्या भागांच्या मधे बहुधा खरी वेदी होती आणि तिच्यासमोर उपासना चाले. म्हणजे नुकतेच आपल्या माणसाच्या कबरीवर जाऊन आलेला कुणी या भिंतीसमोर उभा राहत असे. ही नोंद वहीत लिहून ठेवा, पुढे सांगाड्याकडे वळताना ती लागेल.

तिसरी नोंद माध्यमाची: भिंतीवरचा ओला चुना, लाकडी फळी की कापड? बाकीचे तपशील, म्हणजे संग्रह, क्रमांक, शीर्षकाची वेगवेगळी रूपे, एका ओळीत उरका.

दहा मिनिटे नुसते बघा

माहितीची पाटी न वाचता, काही न शोधता दहा मिनिटे बघायचे आणि जे दिसते तेच लिहायचे. अर्थ लिहायचा नाही. ‘मरिया दुःखी आहे’ हे लिहू नका. ‘गडद निळ्या वस्त्रातली प्रौढ बाई, चेहरा आपल्याकडे, उजवा हात वधस्तंभाकडे’ असे लिहा. उभ्या चित्रात मी नेहमी खालून वर जातो, कारण चर्चमध्ये उभ्या माणसाचे डोळे तसेच चढतात.

‘त्रैक्य’ची यादी अशी होईल. अगदी खाली दगडी शवपेटीवर पडलेला सांगाडा, त्याच्यावर कोरल्यासारखी रंगवलेली अक्षरे. त्याच्या वर एक पायरी. पायरीवर दोन टोकांना गुडघे टेकलेली माणसे, डावीकडे लाल वस्त्रातला पुरुष, उजवीकडे गडद वस्त्रातली स्त्री, दोघेही बाजूने दिसणारे, हात जोडलेले. त्यांच्या मागे दोन मोठे खांब आणि कमान. कमानीच्या आत खोल गेलेले दालन, वर अर्धनळीसारखे छत, त्यात लाल-निळे चौकोनी खण. आत डावीकडे निळ्या वस्त्रातली स्त्री, उजवीकडे लाल वस्त्रातला तरुण. मधोमध वधस्तंभावर देह. त्याच्या मागे उंचावर दाढीवाला वृद्ध, वधस्तंभाच्या आडव्या लाकडाला दोन्ही हातांनी आधार देणारा. वृद्धाच्या गळ्याशी पांढरे काहीतरी, आधी उपरण्याच्या घडीसारखे वाटणारे, नीट पाहिल्यावर कबुतर.

ते कबुतर उशिरा सापडते, आणि यादी करणाऱ्यालाच सापडते.

कोण कुणाचा कोण

आता ओळख पटवायची. ख्रिस्ती चित्रांत माणसे चेहऱ्यावरून कमी आणि खुणांवरून जास्त ओळखली जातात: पीटरच्या हातात किल्ल्या, कॅथरिनजवळ चाक, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या अंगावर कातडे. ‘त्रैक्य’मध्ये काम सोपे आहे. वधस्तंभावर येशू, मागे पिता, मधले कबुतर म्हणजे पवित्र आत्मा. वधस्तंभाच्या एका बाजूला आई मरिया आणि दुसऱ्या बाजूला शिष्य योहान ही मांडणी योहानाच्या शुभवर्तमानातून येते. तिथे येशू मरताना या दोघांना एकमेकांच्या हवाली करतो.

पिता मागे, त्याच्या हातांत वधस्तंभ आणि दोघांमध्ये कबुतर ही रचना मासाच्चोची कल्पना नव्हे. युरोपात ती आधीच्या शतकांपासून रूढ होती. हे माहीत असणे फार गरजेचे आहे, कारण परंपरेतून आलेले आणि चित्रकाराने घातलेले हे वेगळे काढल्याशिवाय कौतुक चुकीच्या माणसाच्या पदरात पडते. चित्रविषयाचा रूढ साचा कोणता, हे त्याच विषयाची आधीची तीन-चार चित्रे शेजारी ठेवून तपासावे. जुन्या चित्रांत ही त्रिमूर्ती बहुधा सोनेरी पार्श्वभूमीवर किंवा सिंहासनावर, कुठल्याही ठावठिकाण्याशिवाय असते. मासाच्चोने तिला घर दिले: मोजता येईल असे, खांब-कमानींचे, रोमन पद्धतीचे. त्याची भर ती.

खालच्या सांगाड्यावरची इटालियन अक्षरे सांगतात: “तुम्ही आज जे आहात ते मी एकेकाळी होतो, मी आज जो आहे ते तुम्हीही व्हाल.” कबरस्तानाकडून आत येणाऱ्याला हे वाचून काय वाटत असेल ते सांगायला नको. हा सांगाडा कुणाचा? एक वाचन असे की तो प्रत्येक माणसाचा. दुसरे असे की तो आदामाचा, कारण जुन्या ख्रिस्ती समजुतीप्रमाणे येशूला जिथे वधस्तंभावर चढवले त्या गुलगुथा टेकडीखालीच आदामाची कबर होती. वधस्तंभाच्या बुडाशी चित्रात खडकाचा छोटा उंचवटा आहे, तो पाहिल्यावर दुसरे वाचन बळकट होते. दोन्ही एकत्र नांदू शकतात. परीक्षणात दोन्ही द्यावीत, आणि चित्रातला पुरावा कोणता तेही द्यावे.

ओला चुना

तंत्राकडे आलो की बहुतेक लेखन ‘हे फ्रेस्को आहे’ या तीन शब्दांवर थांबते. इथेच खरे तर रंगत आहे, म्हणून जरा थांबू.

कळीचा चुना पाण्यात विरवतात. त्यात वाळू मिसळून भिंतीवर पहिला खडबडीत गिलावा देतात, त्याला आरिच्चो म्हणत. त्याच्यावर गेरूसारख्या लाल मातीने ढोबळ रेखाटन केले जाई, ते सिनोपिया. मग शेवटचा बारीक गिलावा, इंतोनाको, पण एकदम सगळ्या भिंतीवर नाही. आज जेवढे रंगवून होईल तेवढ्याच तुकड्यावर. या एका दिवसाच्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात. रंग नुसत्या पाण्यात कालवलेले असतात, त्यात डिंक नाही, अंडे नाही, तेल नाही. मग ते भिंतीला धरून कसे राहतात? ओल्या गिलाव्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि त्या स्फटिकांत रंगाचे कण अडकून पडतात. रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच भाग होतो.

यातून चित्रकारावर येणारी बंधने बघा. गिलावा ओला आहे तोवरच हात चालवायचा. चूक झाली तर तो तुकडा खरवडून पुन्हा गिलावा द्यायचा. रंग सुकल्यावर फिकट पडतो, म्हणजे उद्या कसा दिसेल ते आज ओल्या रंगात ओळखायचे. काम वरून खाली, कारण खालचे आधी केले तर त्यावर वरचे ओघळ येतील. आणि चुन्यात टिकणारे रंग मोजके: पिवळी माती, गेरू, हिरवी माती, काळा, चुन्याचा पांढरा. अझुराइटसारखा निळा ओल्या चुन्यात नीट राहत नाही. तो गिलावा सुकल्यावर सरस किंवा अंड्यात कालवून वरून देत. म्हणून पाचशे वर्षांनंतर भित्तिचित्रांतला निळाच आधी झडलेला असतो. एखाद्या भित्तिचित्रात निळे वस्त्र सपाट आणि घडीविना दिसले तर चित्रकाराला दोष देण्याआधी हे आठवा.

प्रत्यक्ष चित्रासमोर, किंवा मोठ्या रेझोल्यूशनच्या छायाचित्रात, पुढील गोष्टी शोधायच्या. दोन जोर्नातांमधले सांधे: बाजूने तिरका उजेड पडला की बारीक उंचवटा दिसतो. हे सांधे सहसा आकृतीच्या कडेने फिरवून लपवलेले असतात, आणि ते कुठून कसे गेले यावरून चित्रकाराने कोणत्या भागाला किती वेळ दिला ते उमगते. नंतर कोरलेल्या रेषा: ‘त्रैक्य’मधले छत, खांब आणि कमानी यांच्यासाठी मासाच्चोने ओल्या गिलाव्यात रेषा ओढल्या, त्या अजून आहेत. मरियेच्या चेहऱ्यावर तर चौकटींची जाळी कोरलेली सापडते, म्हणजे छोट्या रेखाटनावरून चेहरा मोजून मोठा केला. हे पाहिल्यावर ‘प्रतिभेचा उत्स्फूर्त आविष्कार’ वगैरे शब्द आपोआप गळून पडतात. ही मोजणी, गवंडीकाम आणि हातोटी आहे, आणि तिच्याबद्दल मला त्या शब्दांपेक्षा अधिक आदर वाटतो.

मराठी वाचकाच्या मनात इथे अजिंठा येणारच. अजिंठ्याची चित्रे या अर्थाने फ्रेस्को नाहीत. तिथे मातीत वनस्पतींचे तंतू, तूस वगैरे मिसळून केलेला लेप, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग सुक्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात कालवलेला रंग आहे. दोन्ही परंपरांची गाठ एकदा खरोखर पडली. १९२० च्या सुमारास हैदराबादच्या निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याची चित्रे वाचवायला बोलावले. निखळणारा रंग त्यांनी पक्का केला, पण वर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळट-तपकिरी पडला आणि तो काढण्याचे काम नंतरच्या पिढ्यांना करावे लागले. भित्तिचित्राचे तंत्र समजून घेणे ही नुसती हौस नाही, हे यावरून पटावे.

पट्टी, पेन्सिल आणि पित्याचे कोडे

चित्राची समोरून, सरळ घेतलेली प्रतिमा छापून घ्या. खालून वर कॅमेरा धरून काढलेला फोटो चालणार नाही, त्यात रेषा आधीच तिरप्या झालेल्या असतात. आता छतातल्या खणांच्या आत जाणाऱ्या रेषा पट्टीने खाली वाढवा. खांबांच्या माथ्यावरच्या आत जाणाऱ्या कडाही वाढवा. त्या सगळ्या वधस्तंभाच्या बुडाशी, गुडघे टेकलेल्या माणसांच्या पायरीच्या आसपास एकत्र येतील. हा व्हॅनिशिंग पॉइंट. प्रत्यक्ष चर्चमध्ये तो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या जवळपास येतो.

याचा परिणाम विलक्षण आहे. छत आपल्याला खालून दिसते, जसे खऱ्या दालनाचे दिसले असते. सांगाडा आपल्या डोळ्यांच्या खाली पडतो. भिंत फोडून पलीकडे एक देवघर काढले आहे असे वाटावे, आणि चित्रकार व कलाचरित्रकार वसारीने सोळाव्या शतकात या छताचे वर्णन करताना जवळजवळ हेच म्हटले. लक्षात घ्या, या यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट पृष्ठभागावर खोली दाखवण्याच्या पद्धतीचे, नियम विद्वान वास्तुविशारद आल्बेर्तीने लिहून काढले ते १४३५ मध्ये. मासाच्चो त्याआधीच मरण पावला होता. त्याला हे ज्ञान मिळाले ते वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीच्या प्रयोगांतून, असे मानले जाते. चित्रातली कमान आणि खांबही ब्रुनेलेस्कीच्या इमारतींची आठवण करून देतात. मासाच्चो १४०१ च्या डिसेंबरात जन्मला आणि १४२८ मध्ये रोममध्ये वारला. सत्तावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

इथवर कौतुक. आता तपासणी. पिता कुठे उभा आहे?

त्याचे पाय मागच्या भिंतीला लागून असलेल्या एका उंच कट्ट्यावर आहेत. पण त्याचे हात वधस्तंभाला लागलेले आहेत आणि वधस्तंभ तर बराच पुढे, मरिया आणि योहान यांच्यामध्ये. दालन जितके खोल रंगवले आहे तितके खरे मानले तर पिता एकाच वेळी मागे आणि पुढे असायला हवा. अभ्यासकांनी या दालनाचे तळचित्र काढून बघितले आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय छत खालून पाहिल्यासारखे आहे, पण पित्याचा चेहरा आपल्याला समोरून दिसतो, आपण त्याच्या उंचीला जाऊन उभे असल्यासारखा. येशूच्या देहाचेही थोडेफार तसेच.

ही चूक म्हणायची का? एक उत्तर धर्मशास्त्रीय आहे: ईश्वर जागेच्या मोजमापात बसत नाही, म्हणून चित्रकाराने मुद्दाम नियम मोडला. उत्तर देखणे आहे, पण चित्रातून ते सिद्ध करता येत नाही. दुसरे उत्तर व्यावहारिक: नियम पाळला असता तर भाविकाला पित्याची दाढी, हनुवटी आणि नाकपुड्या दिसल्या असत्या. पूजेच्या चित्रात ते चालले नसते. मला दुसरे उत्तर पुरेसे वाटते, आणि त्यातून निष्पन्न झालेला परिणाम पहिल्या उत्तराच्या जवळ जातो हे त्या चित्राचे भाग्य. सगळी वास्तू इतकी काटेकोर आहे की नियमाबाहेरची ही आकृती आपल्याकडे पुढे सरकते. असे कोडे सापडले की घाईने निकाल देऊ नका. ‘विसंगती काय आहे, तिचे कारण काय असू शकते, बघणाऱ्यावर तिचा परिणाम काय’ या तीन पायऱ्यांत लिहा.

रंग, नजरा, उतरंड

लाल आणि निळा फक्त मोजा. बाहेर डावीकडचा पुरुष लाल, आत डावीकडची मरिया निळी. आत उजवीकडचा योहान लाल, बाहेर उजवीकडची स्त्री गडद निळी. पित्याच्या अंगावर दोन्ही रंग, छताच्या खणांत पुन्हा दोन्ही. मोजक्या रंगांची अडचण मासाच्चोने रचनेचा कणा केली आहे.

नजरांचा हिशेब त्याहून रोचक. गुडघे टेकलेली जोडी एकमेकांच्या दिशेने, समोर बघते. योहान वधस्तंभाकडे वळलेला. पिता सरळ समोर बघतो, आपल्या डोक्यावरून पलीकडे. आपल्याशी खरी नजर भिडवते ती मरिया, आणि हाताने येशूकडे दाखवते. तिच्या चेहऱ्यावर रडे नाही, आर्जव नाही. मुलाच्या मरणाकडे बोट दाखवणारी ही कठोर आई मला चित्रातली सर्वांत धाडसी आकृती वाटते. तिच्या मानाने योहान सामान्य आहे. हात जोडून दुःख करणारा तरुण, त्या काळच्या अनेक चित्रांत सापडणारा.

आकारही बघा. मध्ययुगीन चित्रांत देणगीदार संतांच्या पायाशी बोटभर रंगवले जात. इथे चित्राचा खर्च केलेली ही जोडी (लेंझी आणि बेर्ती अशा दोन घराण्यांची नावे पुढे येतात) संतांइतकीच मोठी आहे. फक्त ती कमानीच्या बाहेर आहे. मोठेपण मिळाले, प्रवेश नाही. सांगाडा, माणसे, संत, देव अशी ही चढण आहे, आणि बघणारा सांगाडा व माणसे यांच्या मधे कुठेतरी उभा राहतो.

शेजारी दुसरे चित्र ठेवा

तुलनेसाठी त्याच शहरातले, त्याच दशकातले चित्र निवडा. शंभर वर्षांनंतरच्या राफाएलशी तुलना करून मासाच्चो ‘अजून कच्चा’ ठरवणे हा अन्याय आहे. योग्य जोडीदार म्हणजे जेन्तीले दा फाब्रियानोचे ‘राजांची उपासना’ (बाळ येशूच्या दर्शनाला आलेले राजे), १४२३ मध्ये पूर्ण झालेले, स्त्रोत्सी घराण्यासाठी केलेले, आज उफीझी संग्रहालयात असलेले. लाकडी फळीवर टेंपरा, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेला रंग, आणि भरपूर सोने. घोडे, माकडे, नक्षीची वस्त्रे, गर्दी. ते चित्र श्रीमंतीने ईश्वराचा मान राखते. मासाच्चो जवळपास सगळा झगमगाट बाहेर ठेवतो आणि वजन, उजेड, अंतर यांच्यावर भिस्त ठेवतो. एकाला मागासलेला आणि दुसऱ्याला आधुनिक म्हणण्याची गरज नाही. दोघांपुढे प्रश्नच वेगळे होते. जेन्तीलेचे बारकावे ज्याला आवडत नाहीत त्याचे डोळे अजून पुरते उघडले नाहीत असे मी म्हणेन.

काळाने केलेले बदल

आपण बघतो ते चित्र १४२७ चे नसते. ‘त्रैक्य’ची कथा तर नाट्यपूर्ण आहे. छताची स्तुती करणाऱ्या वसारीनेच १५७० च्या सुमारास, फ्लॉरेन्सचा सत्ताधीश कोझिमो दे मेदिची (पहिला) याच्या आदेशाने चर्चची दुरुस्ती करताना, त्यासमोर नवी वेदी आणि स्वतःचे चित्र उभे केले. पण मागची भिंत त्याने फोडली नाही. १८६० च्या सुमारास ती वेदी हलवताना भित्तिचित्र पुन्हा उजेडात आले, तेव्हा वरचा भाग भिंतीवरून सोलून प्रवेशद्वाराच्या आतल्या भिंतीवर नेला गेला. सांगाडा जागेवरच झाकलेला राहिला आणि १९५२ मध्ये सापडला. मग दोन्ही भाग मूळ जागी एकत्र आले.

म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे हे चित्र कुणी पाहिले नाही आणि नंतर नव्वदेक वर्षे लोकांनी ते सांगाड्याविना पाहिले. एकोणिसाव्या शतकातले कुणाचेही मत वाचताना हे ध्यानात ठेवावे. त्याच्यापुढचे चित्र वेगळे होते. कडांचे पट्टे, वास्तूचे काही तुकडे आणि खालचा भाग बराच झिजला आहे, काही ठिकाणी दुरुस्तीवाल्यांनी भरलेला आहे. कोणत्या भागावर मत द्यायचे आणि कोणत्या भागावर नाही, हे आधी ठरवून मगच लेखणी उचला.

लिहायला बसताना

परीक्षणाची सुरुवात चित्रकाराच्या जन्मगावापासून करू नका. सुरुवात बघणाऱ्याच्या जागेपासून करा. विशेषण लिहिले की त्याच्यापुढे चित्रातली जागा लिहा. जागा सापडली नाही तर विशेषण खोडा. ‘दिव्य’, ‘अलौकिक’, ‘अप्रतिम’ हे शब्द धर्मचित्राच्या बाबतीत विशेष फसवे, कारण ते विषयाला लागू पडतात आणि चित्राला लागले असा भास होतो. श्रद्धा असेल तर ती लपवू नका, नसेल तर तेही चालते. पण चित्र पूजेसाठी केले होते, हे दोन्ही बाजूंनी मान्य करूनच लिहावे.

नमुन्यादाखल एक परिच्छेद देतो: “दालनाची खोली इतकी पटणारी आहे की तिच्यातल्या माणसांची शांतता अस्वस्थ करते. कुणी हलत नाही, कुणी आक्रोश करत नाही. मरियेचा एक हात तेवढा जिवंत आहे. या स्थिरतेची किंमतही मोजावी लागली आहे: योहानाचे दुःख रूढ हावभावात अडकते आणि गुडघे टेकलेली जोडी नाण्यावरच्या चेहऱ्यांसारखी कोरडी राहते. मात्र खालून वर चढणारी नजर जेव्हा सांगाड्यावरून पित्याच्या समोरून दिसणाऱ्या चेहऱ्यापर्यंत पोहोचते, तेव्हा हा कोरडेपणा हेतुपुरस्सर वाटू लागतो.” यातल्या प्रत्येक वाक्याला चित्रात जागा आहे, आणि कुणी असहमत असेल तर नेमके कशाशी, हे त्याला सांगता येईल.

फळीवरचे आणि कापडावरचे चित्र

माध्यम बदलले की फक्त तंत्राची पायरी बदलते. अंड्याच्या बलकातला टेंपरा झटकन सुकतो, त्यामुळे छटा एकमेकींत मिसळत नाहीत. चेहऱ्यावर बारीक समांतर रेषा शोधा. जुन्या टेंपरा चित्रांत गालांखाली हिरवट छटा दिसली तर तो खालचा हिरव्या मातीचा थर आहे, वरचा गुलाबी झिजल्यावर उघडा पडलेला. सोन्याच्या वर्खाखाली लाल माती डोकावते का बघा. तेलरंगात उलट, पातळ पारदर्शक थर एकावर एक चढतात. सावल्यांची खोली आणि कडांचा मऊपणा तपासा. फळीला आडव्या-उभ्या भेगा, कापडावर विणीचा पोत, वर पिवळे पडलेले व्हार्निश, याही नोंदी करा.

सरावासाठी फ्लॉरेन्सच गाठायला हवे असे नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाकडून आलेली युरोपीय तैलचित्रे आहेत. थर, भेगा आणि व्हार्निश ओळखायला ती उत्तम. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात युरोपीय साचे आणि स्थानिक हात एकत्र आलेल्या वस्तू बघायला मिळतात. ‘परंपरेतले काय आणि कारागिराने घातलेले काय’ हा प्रश्न तिथे फार कामाला येतो. पुण्यात दीर्घकाळ काम केलेले गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली. त्यांची चित्रे कुठे प्रदर्शनात लागली तर हाच क्रम त्यांनाही लावून बघा.

आणि फ्लॉरेन्सला गेलात तर छोटी दुर्बीण सोबत ठेवा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, दुरुस्तीकामाची परांची लागलेली नाही ना याची आधी चौकशी करा. चित्रासमोर गेल्यावर लगेच जवळ जाऊ नका. आधी समोरच्या बाजूला मागे सरका, छत खरे वाटू लागेल ते अंतर शोधा, मग हळूहळू पुढे या आणि कोणत्या पावलाला ते पुन्हा रंगवलेली भिंत होते ते बघा.